दोन कुलाब्यांमधली दोन वर्षे

संगणकाची कार्यप्रणाली म्हणजे यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये राहून दोघांचाही कारभार सांभाळणारी मूळ व्यवस्था. कळ दाबली की कोणते अक्षर उमटावे, लिहिलेला मजकूर कुठे साठवला जावा, छपाईचे काम प्रिंटरकडे कसे जावे, हे सारे तिच्याच हाती असते. वर्षानुवर्षे एकाच प्रणालीवर काम करणाऱ्याला ती दिसेनाशी होते, जसा घरातला रोजचा उंबरठा दिसेनासा होतो आणि पाऊल आपोआप उचलले जाते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे नियमित पाठबळ थांबवले आणि विंडोज ११ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेले कितीतरी धडधाकट संगणक जुने ठरले, तेव्हा हा उंबरठा पुन्हा दिसू लागला. अशा यंत्रांना लिनक्स या दुसऱ्या कार्यप्रणालीचा मार्ग मोकळा आहे. या प्रणालीचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी फिनलंडमध्ये विद्यार्थिदशेत, १९९१ साली, रचायला घेतला आणि तिच्यावर आधारलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली सी-डॅक या संस्थेने घडवली. प्रणाली एका दुपारीत बदलता येते. हाताला लागलेले वळण मात्र इतक्या सहज हलत नाही.

हे वळण न मोडता व्यवस्था कशी बदलावी, याचा एक वस्तुपाठ अलिबागच्या किनाऱ्यावर उभा आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होत होती; पण शहरात विजेवर धावणाऱ्या ट्रामगाड्या येऊ घातल्या आणि त्यांच्या विद्युतप्रवाहाने ही नाजूक मोजमापे बिघडणार, हे स्पष्ट झाले. वेधशाळेचे संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी नव्या जागेसाठी अलिबाग निवडले. चुंबकीय गुण नसलेल्या पोरबंदरी दगडाची इमारत उभी राहिली आणि लोखंड तिच्यापासून कटाक्षाने दूर ठेवले गेले. अलिबाग हे त्या काळच्या कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असल्यामुळे हे स्थलांतर एका कुलाब्यातून दुसऱ्या कुलाब्यात झाले. जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१मध्ये मिळाले.

या स्थलांतरातली मोलाची गोष्ट म्हणजे १९०४ ते १९०६ ही दोन वर्षे. त्या काळात मुंबईतली जुनी उपकरणे आणि अलिबागची नवी उपकरणे एकाच वेळी नोंदी घेत राहिली. दोन्हीकडचे आकडे एकसारखे यावेत, अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती, कारण जागा बदलली की मोजमापही बदलते. हवा होता तो त्यांच्यातला फरक, कारण फरक नेमका कळला की जुन्या नोंदींना नव्यांशी जोडता येते आणि आधीच्या पिढ्यांचे श्रम वाया जात नाहीत.

प्रणाली बदलणाऱ्यालाही अशी जोडीने चालण्याची सोय आहे. एकाच यंत्रावर दोन प्रणाली नांदू शकतात. त्याहून सौम्य वाट म्हणजे लिब्रेऑफिससारखे दोन्हीकडे चालणारे लेखनसाधन आधी जुन्याच घरात वापरून पाहावे आणि मग घर बदलावे. या काळात फरक एकेक करून हाती लागतात. विंडोजमध्ये सी, डी असे वेगळे कप्पे दिसतात, तर लिनक्समध्ये सगळ्या शाखा एकाच मुळातून फुटतात. कंट्रोल आणि सी या कळांनी मजकुराची नक्कल होते हे दोन्हीकडे खरे. पण लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकून काम करण्याच्या खिडकीत, त्याच कळा चालू काम थांबवतात आणि नकलेसाठी शिफ्टची जोड द्यावी लागते. लिनक्स फायलीच्या नावातली रोमन लिपीतली मोठी आणि लहान अक्षरे वेगळी मानते. देवनागरीत हा भेदच नसल्यामुळे मराठीत नावे देणाऱ्याला तो जाणवतही नाही.

मराठी लिहिणाऱ्याचा सर्वांत मोठा ठेवा कळफलकावर आहे. १९८६मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाण ठरवलेल्या इन्स्क्रिप्ट रचनेत स्वर डावीकडे आणि बहुतेक व्यंजने उजवीकडे येतात, आणि ‘क’च्याच कळेवर शिफ्टसह ‘ख’ मिळतो. या रचनेवर हात बसलेल्याला प्रणाली बदलल्याचे बोटांना कळतही नाही. याउलट, केवळ एखाद्या फाँटच्या आधाराने लिहिलेला जुना मजकूर तो फाँट नसेल तिथे निरर्थक चिन्हांची रांग होतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, तो आणल्याशिवाय पुढच्या घरात नेता येत नाही.

फरक टिपता टिपता एक विवेकही जागा होतो: काही सवयी कामाच्या असतात आणि काही केवळ यंत्राच्या. फायलीच्या नावात तारीख घालणे, लिहिता लिहिता मजकूर जतन करत जाणे, दुसरी प्रत वेगळी ठेवणे, या कामाच्या सवयी आहेत. त्या सोबत न्याव्यात. नवे साधन हवे झाले की अनोळखी ठिकाणाहून उतरवून घेणे ही यंत्राने लावलेली सवय आहे. लिनक्सच्या तपासलेल्या भांडारातून साधने मिळू लागली की ही सवय सुखाने सोडावी. अलिबागच्याच किनाऱ्यावरच्या होडीत आज जीपीएस वाट दाखवते, तरी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास भरती धरण्याचा हिशेब टिकून आहे, कारण तो हिशेब समुद्राचा आहे, होडीचा नाही.

अलिबागची वेधशाळा आजही नोंदी घेते आणि जगातल्या प्रदीर्घ चुंबकीय नोंदींमध्ये तिची मालिका गणली जाते. शास्त्रज्ञ त्या मालिकेला कुलाबा-अलिबाग असे जोडनाव देतात; त्या दोन नावांमधल्या बारीक आडव्या रेघेत दोन वर्षांची जोडीने चाललेली मोजदाद सामावलेली आहे.