सोडून द्यायचे बत्तीस प्रश्न

विमा एजंटाला शिक्षणाची अट कशाला, असं मी वीस वर्षं बोलत आलो. शाखेत बोललो, टपरीवर बोललो, वरिष्ठांच्या तोंडावरही बोललो. एका विमा कंपनीत मी विकास अधिकारी होतो आणि लातूर-नांदेड पट्ट्यात एजंट नेमणं हेच माझं काम होतं. विमा विश्वासावर विकला जातो, विश्वासाचं मार्कमेमो नसतं, हे माझं ठाम मत. अहमदपूर, कंधार, लोहा या भागात रोज पिग्मी गोळा करणारी माणसं मी पाहिली होती. शिक्षण आठवी-नववी, पण घरातल्या म्हाताऱ्या बायका पासबुक त्यांच्या हाती निर्धास्त द्यायच्या. असा माणूस मला एजंट म्हणून हवा असायचा आणि नियम आडवा यायचा.

२००० सालच्या नियमांत पाच हजार किंवा जास्त वस्तीच्या गावाला बारावी आणि त्याहून लहान गावाला दहावीची अट होती. शंभर तासांचं प्रशिक्षण होतं, ते पुढे पन्नासवर आलं. मग परीक्षा. लायसन्स तीन वर्षांचं, आणि नूतनीकरणाआधी पुन्हा पंचवीस तास शिकायचं. सोयाबीनची रास सोडून कोण माणूस वर्गात बसणार, असं मी विचारायचो.

१ एप्रिल २०१६ पासून नवे नियम आले. सरसकट दहावी. लायसन्सऐवजी कंपनीचंच नियुक्तिपत्र, त्यामुळे दर तीन वर्षांचं नूतनीकरण संपलं. त्याच महिन्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. लोकांकडे हप्त्याला पैसे नव्हते, पॉलिसी बंद पडत होत्या, जुने एजंट थकले होते. नवी मुलं भराभर हवी होती, आणि वाट मोकळी झाल्याचा मला मनापासून आनंद झाला.

परीक्षा मात्र राहिली. एका तासात पन्नास प्रश्न, पास व्हायला पस्तीस टक्के. म्हणजे अठरा बरोबर आले की झालं. मी लातूरचा. आमच्याकडे मार्क कसे मिळवायचे हे मुलांना शिकवावं लागत नाही. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांतून जो लातूर पॅटर्न उभा राहिला, त्यामागे प्राध्यापकांचे अफाट कष्ट होते, सुट्टीच्या दिवशीही वर्ग चालायचे. मी त्यातला फक्त प्रश्नसंच उचलला. दोन संध्याकाळी पोरांना बसवायचं, हमखास येणारे प्रश्न घोटून घ्यायचे, बाकीचे सोडून द्यायला सांगायचं. प्रशिक्षणाच्या तासांवर सह्या व्हायच्या, तास व्हायचे नाहीत. त्या सह्या मी घेतल्या आहेत. माझी मुलं पास व्हायची आणि मला त्याचा अभिमान होता.

सोडून द्यायच्या प्रश्नांत एक प्रकरण नेहमी असायचं. विमा घेणाऱ्यानं आपल्या तब्येतीची माहिती खरी आणि पूर्ण द्यायची, काही लपवायचं नाही, या तत्त्वाचं. भाषा जड आहे, एखाद-दुसरा प्रश्न येतो, राहू द्या, असं मी म्हणायचो.

माझ्याच हाताखालच्या एका मुलानं लोहा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची पॉलिसी केली. मुलगा चांगला होता, आजही म्हणतो. शेतकऱ्याला शुगर होती, नांदेडला औषध चालू होतं. आजारांच्या रकान्यात मुलानं सगळीकडे 'नाही' लिहिलं. शुगर लिहिली तर पॉलिसी अडकते, एवढंच त्याला कुणाकडून तरी कळलं होतं. हप्ता थोडा वाढला असता, तपासण्या झाल्या असत्या, पण पॉलिसी बहुधा मिळाली असती. हे त्याला माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं.

दीड वर्षानं तो शेतकरी गेला. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की कंपनीला ती कोणत्याही कारणानं खोटी ठरवता येत नाही, पण त्याआधी ठरवता येते. चौकशीत औषधांच्या चिठ्ठ्या निघाल्या. दावा नामंजूर झाला, भरलेले हप्ते तेवढे परत मिळाले. ते कागद घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. ती बाई दारातच म्हणाली, "साहेब, तुमच्याच लेकरानं लिवलं की हे. त्यांनी गोळ्या दाखविल्या होत्या त्याला. आता मला कामून इचारायलेत?"

मला उत्तर देता आलं नाही. बसनं नांदेडला परतताना मी ते प्रश्नच मोजत होतो. पन्नासातून अठरा गेले, बत्तीस राहिले. या बाईचं घर त्या बत्तिसांत होतं.

नववी शिकलेला पिग्मीवाला प्रामाणिक असतो, हे मी अजूनही मानतो. पण तो मुलगाही प्रामाणिकच होता. कमिशनसाठी त्यानं लबाडी केली नाही, त्याला आपण गिऱ्हाइकाचं काम सोपं करतोय असं वाटलं. मी विश्वास आणि माहिती या दोन गोष्टी एकच धरून चाललो होतो, आणि माणूस जितका विश्वासू तितकं त्याचं अज्ञान जास्त घरांत शिरतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दहावीची अट मला आता जाचक वाटत नाही, पुरेशीही वाटत नाही. माझा आग्रह तासांचा आहे, आणि ते तास एकदाच होऊन भागत नाही. युरोपात विमा विकणाऱ्याला वर्षाला किमान पंधरा तास शिकावं लागतं. कॅलिफोर्नियात परवाना टिकवायला दोन वर्षांत चोवीस तास, त्यातले तीन केवळ सचोटीवर. आपल्याकडे तीन वर्षांनी निदान पंचवीस तास होते. ते गेले तेव्हा मी पेढे वाटले होते. आज ते परत यावेत असं मी म्हणतो, आणि पूर्वीचे सहकारी माझ्याकडे चमकून बघतात.

डिसेंबर २०२४ पासून विमा सखी योजनेत दहावी झालेल्या बायका या कामात येताहेत. ओळखीच्या कुणी विचारलं की निवृत्त असूनही मी जातो. प्रश्नसंच नेत नाही, कोरे प्रस्ताव अर्ज नेतो. पहिल्या दिवशी प्रत्येकीनं आपल्या सासऱ्याचा किंवा वडिलांचा अर्ज भरायचा, घरातली औषधं आठवून. परवा अर्धापूरच्या एका बाईंनी आजारांच्या रकान्यापाशी पेन थांबवलं आणि विचारलं, "सर, रक्तदाबाची गोळी दोन महिन्यांपासून बंद केलीय त्यांनी. मग हो लिहू का नाही?"

त्या एका प्रश्नावर आम्ही दुपारचा चहा होईपर्यंत बोलत बसलो.