लिफ्ट आहे का?

ॲमस्टरडॅमला चार दिवस जायचं ठरलं आणि मुलगा कालव्याकाठची १७व्या शतकातली घरं दाखवू लागला. आता तिथे हॉटेलं आहेत. देखणी खरीच! पण मी जिना बघत होते. घरं अरुंद, जिने शिडीसारखे उभे. कपाट-पलंगसुद्धा माथ्यावरच्या आकड्याला दोर लावून खिडकीतून आत घेतात म्हणे. ह्यांना कोण दोर लावणार? गुडघ्याच्या ऑपरेशनला वर्षच झालंय, आणि जायचा हट्ट ह्यांचाच!

शेवटी ट्रामच्या वाटेवरचं, लिफ्टवालं साधंसं हॉटेल घेतलं. वर पर्यटन कर, २०२४ पासून १२.५ टक्के!

"खिडकीतून कालवा दिसणार नाही म्हणजे," हे हिरमुसले.

"खाली उतरून बघू की. रोज."

असो. बॅगा अजून माळ्यावरच आहेत.