रविवारी फोन करते!

'उद्या सायकल. रात्री तंबू. येतेस?'

शुक्रवारी रात्री साडेनऊला आलेला मेसेज. आता तुम्हीच सांगा, आठवडाभर लॅपटॉपसमोर खुर्चीला चिकटलेल्या माणसाने यावर काय उत्तर द्यावं? पाठ म्हणत होती झोप, पोट म्हणत होतं बिर्याणी. आणि मी टाईप केलं, 'येते.'

कारण? गिल्ट, दुसरं काय! पाठवणारी माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. नाव छापायचं नाही अशी तिची सक्त ताकीद आहे, तेव्हा आपण तिला 'पार्टनर' म्हणू. तर पार्टनरचं ते चॅट जरासं वर सरकवलं की दिवाळीचे कंदील, वाढदिवसाचे केक आणि त्याच्याही वर ऑगस्टमधला एक मेसेज. 'बोलायचंय. वेळ आहे?' खाली माझं उत्तर, 'डेडलाईन यार! रविवारी फोन करते.' तो रविवार काही उगवला नाही. आणि आता जानेवारी चालू होता.

आईला सांगितलं, मैत्रिणीच्या फार्महाऊसवर चाललेय. दोन मुली, सायकली आणि उघड्यावर तंबू असं खरं खरं सांगितलं असतं, तर हा लेख तुम्हाला वाचायलाच मिळाला नसता!

शनिवारी सकाळी सहाला चांदणी चौक. अंधार, कडाक्याची थंडी आणि कानटोपी घालून उभी पार्टनर. तिच्या सायकलला मागे दोन्ही बाजूंना व्यवस्थित बॅगा. माझ्या कॅरियरवर स्लीपिंग बॅग, मॅट आणि स्वेटर यांचं एक गाठोडं, बाबांच्या स्कूटरच्या इलॅस्टिक दोरीने आवळलेलं. "कुठे, पंढरपूरला का?" एवढंच म्हणाली आणि निघालीसुद्धा.

भूगाव, भुकूम, मग पिरंगुटचा घाट. चारचाकीतून जाताना हा घाट आहे हेसुद्धा कळत नाही. सायकलवर मात्र रस्त्याचा एकेक इंच मांड्यांना कळतो. पार्टनरचा फंडा सोपा, चढ लागायच्या आधीच गिअर हलका करायचा, पाय गरागरा फिरवत ठेवायचे आणि वर बघायचं नाही. मी तिन्ही गोष्टी उलट्या केल्या आणि अर्ध्यातून सायकल ढकलत वर पोहोचले. पण पलीकडचा उतार! वाऱ्याने डोळ्यांतून पाणी, बोटं बधिर आणि तोंडातून नुसतं 'हूऽऽऽ'. ऑफिसात असं ओरडायला कुठे मिळतं?

पौडच्या पुढे माझं मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. मी मोठ्या रुबाबात ट्यूब बदलली, हवा भरली, टाळ्यांसाठी थांबले. दहा मिनिटांत पुन्हा फुस्स! मग पार्टनरने टायरच्या आतून हळूहळू बोट फिरवलं आणि मोडून आत राहिलेलं काट्याचं टोक काढून माझ्या तळहातावर ठेवलं. "ट्यूब बदलून काय उपयोग? आधी हे शोधायचं." मी आपली मान डोलावली.

पुण्यापासून साधारण 40 किलोमीटरवर मुळशी धरण येतं आणि पुढे बराच वेळ ते पाणी तुमची सोबत करतं. एका टपरीवर चहा घेताना पार्टनरने विचारलं, "माझं ऑफिस कुठल्या रोडवर आहे?"

"एसबी रोड. का?"

"एसबी म्हणजे?"

"सेनापती बापट. त्यात काय?"

"मग सेनापती कुठे झाले ते सांग."

तर ते इथे झाले. हे धरण बांधायला टाटांनी घेतलं ते मुंबईच्या विजेसाठी. मुळशी खोऱ्यातल्या मावळ्यांच्या जमिनी त्यात जाणार होत्या, म्हणून 1921च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. पुढे पांडुरंग महादेव बापटांनी तो नेला, तुरुंगात गेले, आणि लोकांनी त्यांना सेनापती केलं. धरण काही थांबलं नाही. आजही हे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरात जातं. मुळा खरं तर पूर्वेला वाहणारी नदी, तिचं पाणी आपण पश्चिमेला उतरवलं! आणि आपण? सिग्नलला अडकलो की त्या माणसाच्या नावाच्या रस्त्याला शिव्या घालतो.

चार वाजले तशी मुक्कामाची जागा बघायला लागलो. पुढे ताम्हिणीचं अभयारण्य, तिथे परवानगीशिवाय तंबू ठोकायचा नाही, म्हणून अलीकडेच थांबायचं ठरलं. वाईल्ड कॅम्पिंग म्हणजे वाट्टेल तिथे पसरणं नव्हे. जमीन कुणाची तरी असतेच, आणि विचारलं तर लोक सहसा नाही म्हणत नाहीत. रस्त्यापासून आत एक घर दिसलं. अंगणात एक मावशी भाताचं काड रचत होत्या.

"मावशी, एक रात्र तुमच्या शेतात तंबू लावला तर चालेल का?"

त्यांनी आधी सायकली पाहिल्या, मग आम्हाला. "कुठनं आलाव?"

"पुण्याहून."

"सायकलीवर? दोघीच?" आणि मग तो प्रश्न, "मालक कुठंयत तुमचे?"

"माझं लग्न नाही झालेलं," मी हसत म्हणाले.

पार्टनर म्हणाली, "माझं झालं होतं. आता सुटलं."

मावशींनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "बरं," म्हणाल्या. "त्या आंब्याखाली लावा. पान्यात उतरू नका, गाळ हाय. भाकरी खाताव ना?"

मी मात्र तिथेच उभी. हातात सायकल, डोक्यात नुसता ऑगस्ट. सात महिन्यांपूर्वीपर्यंत ज्या घरी मी हक्काने जेवायला जायचे, ते घर आता नव्हतं. आणि हे मला कळलं कसं, तर माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीने पाच मिनिटांपूर्वी भेटलेल्या बाईला सांगितलं म्हणून.

तंबू लावताना आम्ही फक्त तंबूविषयी बोललो. ही काठी तिकडून. दोरी ताण. खुंटी तिरकी ठोक. दोघींनाही बरंच वाटलं असावं, हाताला काम होतं.

रात्री मावशींच्या ओट्यावर तांदळाची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. माझ्या बॅगेतल्या मॅगीला कुणी विचारलंसुद्धा नाही. पाण्याकडे हात करून मावशी म्हणाल्या, "आमच्या आजेसासऱ्यांचं शेत त्या तिकडं, खाली." जणू शेजारच्या आळीत आहे असं! "आता पानी बघायचं. बघून बघून सवय व्हते." पैसे द्यायला गेलो तर रागावल्या. शेवटी त्यांच्या नातवाला टॉर्च देऊन आलो, तेव्हा कुठे बरं वाटलं.

शेकोटी पेटवली नाही. जानेवारीत गवत वाळलेलं, एक ठिणगी पुरते. मोबाईलला रेंज नाही. डोक्यावर मृग नक्षत्र इतकं स्पष्ट की व्याधाकडे बोट दाखवायचीही गरज नव्हती. स्लीपिंग बॅग खांद्यापर्यंत ओढून दोघी बाहेरच बसलो.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. आणि विचारता विचारताच कळलं, किती मूर्ख प्रश्न आहे.

"सांगणार होते. रविवारी."

मग बराच वेळ कुणीच बोललं नाही.

"त्या दिवशी सकाळपासून फोन हातात घेऊन बसले होते," ती म्हणाली. "मग म्हटलं, बिझी असेल. पुढच्या रविवारपर्यंत मी वकिलाकडे जाऊनसुद्धा आले होते. त्यानंतर तुला सांगायचं म्हणजे पहिल्यापासून सांगायचं. तेवढा दम नव्हता गं."

मी सॉरी म्हणाले. इतका फालतू शब्द! डेडलाईनचं कारण सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या आठवड्यात कुठला लेख लिहीत होते, हे मला आता आठवतही नव्हतं.

"पहिल्यापासून सांग," मी म्हणाले. "सकाळपर्यंत वेळ आहे."

तिने सांगितलं. ते इथे लिहायचं नाही. मी सल्ला दिला नाही, 'मला आधीच वाटलं होतं' म्हणाले नाही. दोनदा रडली, एकदा इतकी हसली की मावशींचं कुत्रं भुंकायला लागलं. तंबूत शिरलो तेव्हा दोन वाजून गेले होते.

सकाळी तंबूचं कापड आतून ओलंचिंब. आमच्याच श्वासाचं पाणी, वर दव. उन्हात वाळवेपर्यंत चहा झाला. कचरा पिशवीत भरला, खुंट्या मोजल्या, मावशींना हाक मारली. "पुन्यांदा या," म्हणाल्या. मग खास पार्टनरला, "तू तर येच."

जाताना मजेत उतरलेला पिरंगुटचा घाट येताना व्याजासकट वसूल झाला. पण या वेळी पार्टनर पुढे निघून गेली नाही. मी उतरले तशी तीही उतरली आणि दोघी सायकली ढकलत, कडेकडेने, गप्पा मारत वर आलो.

चांदणी चौकात आमच्या वाटा फुटतात. हेल्मेट काढत मी नेहमीच्या सवयीने म्हणून गेले, "चल, रविवारी फोन करते."

तिने एक भुवई उचलली. "आज रविवारच आहे."

घरी पोहोचले, आईला खरं सांगितलं, बोलणी खाल्ली, आंघोळ केली. आणि बरोब्बर आठ वाजता फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला तिने. पाऊण तास बोललो. काय बोललो? काही नाही. पाय कुठे कुठे दुखतायत, तेवढंच.