सोडायचं कुठे?

मराठी माणसाला ‘पुनर्वसन’ हा शब्द धरणांनी शिकवला. कोयनेच्या पाण्याने उठवलेल्या कुटुंबांचे प्रश्न साठ वर्षांनंतरही पुरते मिटलेले नाहीत. कोलकात्यात राहायला आल्यापासून मी तोच शब्द घोरपडीसाठी वापरते.

गार्डन रीच हा हुगळीकाठचा गोदी-कारखान्यांचा आणि मेटियाब्रुजच्या शिंप्यांचा दाट भाग. १८५६ मध्ये अवधचं राज्य गेल्यावर नवाब वाजिद अली शाह इथे येऊन राहिला. त्याने मोठं प्राणिसंग्रहालय उभारलं. १८८७ मध्ये तो वारला आणि तेही मोडलं. आता इथे उरलेत ते तळ्यांच्या आश्रयाने राहणारे प्राणी. घोरपड म्हटलं की आपल्याला सिंहगडचा कडा आठवतो. इथली घोरपड पोहणारी, मासे, उंदीर आणि मेलेली जनावरं खाऊन जगणारी. तळं बुजलं की ती गल्लीत शिरते आणि लोक काठ्या उचलतात. आम्ही काहीजण वनखात्याला कळवतो आणि त्यांची माणसं येईपर्यंत गर्दी लांब ठेवतो.

जखम भरते. मग सोडायचं कुठे?

तळं बुजवायला कायद्याने बंदी आहे, तरी रात्री राडारोडा पडतच राहतो. १७ मार्च २०२४ च्या रात्री इथली एक बेकायदा पाचमजली इमारत, बांधकाम चालू असतानाच, शेजारच्या झोपड्यांवर कोसळली. दहाहून अधिक माणसं गेली. तिथे पूर्वी तळं होतं, असं रहिवासी सांगत होते. बुजवलेल्या जमिनीचा पैसा एकाला मिळतो, ढिगाऱ्याखाली दुसराच सापडतो.

जुन्नरचा अनुभव हेच सांगतो. तिथे पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत सोडले गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं, की सोडलेल्या जागांजवळ माणसांवरचे हल्ले वाढले. जनावर हललं, पण त्याची झळ दुसऱ्या गावातल्या लोकांना बसली.

म्हणून हल्ली शिलाईकाम करणाऱ्या काही बायकांबरोबर आम्ही वस्तीतल्या उरलेल्या तळ्यांची यादी करतो. पावसाचं पाणी तिथेच साचतं, आग लागली तर पाणी तिथूनच उपसावं लागतं. ती बुजवू नयेत म्हणून अर्जही केला आहे. त्यावर पहिली सही जिची आहे, तिच्याच मोरीत मागच्या पावसाळ्यात घोरपड निघाली होती.