सिनियर आले

निपाणी, सोमवार, 7 जुलै 2025

काल आषाढी झाली. निम्मी पोरं अजून साबुदाण्यानं जड. पाऊस धरूनच आहे, गोलसमोर तळं साचलंय. नवी पोरं त्यातनंच ड्रिबल करायला बघतात. बॉल पाण्यात बसतो आणि हे पुढं निघून जातात. तिसऱ्या वर्षाचा सेंटर हाफ आधी मैदानाला एक फेरी मारून आला, कुठं चिखल, कुठं गवत ते बघितलं आणि मग सगळा खेळ डाव्या कडेनं नेला. माझी शिट्टी आज नुसती गळ्यातच राहिली.

गुरुवार, 10 जुलै

गुरुपौर्णिमा. पोरांनी नारळ दिला आणि तिथंच फोडून खाल्लाही. मग फुटबॉलचा नवा नियम सांगितला. 1 जुलैपासून गोलकीपरला बॉल हातात 8 सेकंदच धरता येतो. जास्त धरला की समोरच्यांना कॉर्नर. शेवटची 5 सेकंदं रेफरी हात वर करून बोटांवर मोजणार. आधी मुदत 6 सेकंदांचीच होती, शिक्षा इनडायरेक्ट फ्री किकची, पण ती देणारा रेफरी विरळा. नियम जुन्या-जाणत्यांच्याच मुळावर आलाय. आमचा गोलकीपर एका गोलनं पुढं असलं की बॉल पोटाशी घेऊन आडवा होतो, सावकाश उठतो, गुडघे झाडतो, मोजे वर ओढतो. आज बॅकनं मोठ्यानं आकडे म्हटले. मोज्यांपर्यंत यायच्या आत आठ कधीच होऊन गेले होते.

रविवार, 20 जुलै

सुट्टीचा सराव, दोन्हीकडची पोरं एकत्र. ‘दोन्हीकडची’ हे निपाणीबाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. देवचंद कॉलेज गावाला लागूनच, पण अर्जुननगर पडतं कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, शिवाजी विद्यापीठाकडं. गावातलं बागेवाडी कॉलेज कर्नाटकात, राणी चन्नम्मा विद्यापीठाकडं. एका गल्लीतली, शाळेपासून एकत्र खेळलेली पोरं बारावीनंतर अशी फुटतात. एकाची वाट कोल्हापूरवरनं पश्चिम विभागाला, दुसऱ्याची बेळगाववरनं दक्षिण विभागाला. पुढं निवड झालीच, तरी विभागात एकमेकांसमोर येणं नाही.

कोल्हापूरकडं जाणाऱ्यांची मला जास्त काळजी. तिथं पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब असल्या संघांतनं मुरलेली पोरं समोर येतात. शाहू स्टेडियमच्या भरल्या गॅलरीपुढं खेळलेल्याला कॉलेजच्या मॅचचं काय दडपण! अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला खेळला, तोही याच मातीतला. बेळगावकडंही सोपं नाही. कॅम्पातल्या सेंट पॉल्ससारख्या शाळांतनं आलेल्या पोरांचा पहिला टच लहानपणीच बसलेला असतो.

शनिवार, 2 ऑगस्ट

विंगर दोन दिवस दिसला नाही. आज आला तो घड्याळ लावून, सोळाशे मीटर मारूनच. अग्निवीरची तयारी. वयाची अट साडेसतरा ते एकवीस. म्हणजे पोरगा खेळात पिकायला लागला की तिकडं वय निसटायला लागतं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र डोळ्यांसमोर, घरचेही मागं लागलेले. त्याला थांब म्हणायचा मला काय अधिकार? पण सोळाशेच्या सरावानं त्याचे पाय सरळ पळायला शिकलेत. थांबून वळताना आज दोनदा घसरला. उद्यापासनं त्याला शेवटी दहा-दहा मीटरच्या उलटसुलट धावा.

यात डिग्रीचा घोळ वेगळाच. कर्नाटकानं 2024 मध्ये परत तीन वर्षांची डिग्री आणली. महाराष्ट्रात नव्या धोरणानं चौथं वर्ष घेता येतं. महाराष्ट्राकडच्या कॉलेजांना एखादा सिनियर वर्षभर जास्त वापरता येईल. कर्नाटकातल्या आम्हाला नाही. हे मला रुचत नाही, पण विचारतो कोण!

रविवार, 24 ऑगस्ट

आपसात मॅच. मध्यंतराला मी बोलायला तोंड उघडणार, तोवर सेंटर हाफनं पहिल्या वर्षाच्या बॅकला बाजूला घेतलं. ‘बॉलकडं बघालास रे सारखं. तुझा माणूस मागनं जातोय, त्याला बघ की.’ संपलं भाषण. दुसऱ्या हाफला त्या पोरानं दोनदा मान वळवून मागं बघितलं आणि दोन्ही वेळा बॉल कापला.

बुधवारी गणपती. सराव बंद ठेवू म्हटलं, तर सिनियरच आडवे आले. ‘मंडळाचं काम रात्रीचं हाय सर, सकाळी येतो की.’ बाकीच्यांनी माना हलवल्या, तेवढ्या जोरात नाही. सकाळी साडेसहा ठरलेत. बॉल दोनच धड आहेत, तिसऱ्याची शिवण उसवलीय. उद्या मोच्याकडं टाकायचा.