दुरून साजरे

ऐपतीबाहेरची एखादी वस्तू माणसाने आयुष्यात एकदा तरी घ्यावी, असं माझं मत आहे. अर्थात हे मत मी आमच्या घरात अजून मोठ्याने बोललेलो नाही. कारण ज्या थकबाकीतून स्वयंपाकघराचा ओटा नवा व्हायचा होता, त्या थकबाकीतून आमच्या घरी एक वीतभर लांबीचं काळं नळकांडं आलं. फिरवलं की ते आणखी लांब होतं. "आता हे ठेवायचं कुठं?" एवढंच ही म्हणाली, आणि तिने फुटक्या फरश्यांच्या त्याच ओट्यावर माझ्यासाठी चहा ठेवला. हिच्या न बोलण्याला मी बोलण्यापेक्षा जास्त भितो.

टेलिफोटो झूम लेन्स, हे त्या नळकांड्याचं नाव. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. वस्तू घेण्याआधी तिला प्रतिशब्द शोधायची खोड. बर्डीवरच्या दुकानात जाऊन मी "दूरवेधी चलभिंग आहे का?" असं विचारलं, तेव्हा काउंटरवरचा मुलगा आत जाऊन पाहून आला नि म्हणाला, "संपलं जी. सोमवारी येईल."

पण पन्नाशी जवळ आलेल्या माणसाला हा छंद सुचला कसा? त्याचं मूळ वाघात नाही, एका टिटवीत आहे.

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी मी अंबाझरी तलावाच्या मागच्या माळावर फिरायला जात असे. बरोबर मुलाचा जुना कॅमेरा. त्याचं भिंग घरगुती. बारशाचे नि वाढदिवसाचे फोटो काढण्यापुरतं. एके दिवशी खड्यांमधल्या एका उथळ खळग्यात मला चार अंडी दिसली. मातकट रंग, त्यावर काळे ठिपके, दगडांत दगड. टोकं आत वळवून ती अशी नेटकी मांडलेली होती की मला राहवेना. त्या भिंगाने नीट फोटो यायचा तर चार फुटांवर जायला हवं. मी गेलो. बसलो, वाकलो, आडवा झालो. टिटवीची जोडी डोक्यावरून घिरट्या घालत ओरडत होती, अधूनमधून माझ्या टोपीला लागेल इतकी खाली येत होती. मला मोठी मौज वाटली. पंचतंत्रातली टिटवीची गोष्ट मी वर्गात रंगवून सांगतो. समुद्राने अंडी नेली म्हणून समुद्राशी भांडायला उभी राहिलेली ती एवढीशी जोडी! त्या सकाळी समुद्राच्या जागी आपण आहोत, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही.

वीस मिनिटं तरी मी तिथे होतो. दुसऱ्या दिवशी खळगा रिकामा होता.

अंडी कुणी नेली ते मी पाहिलेलं नाही. कावळा असेल, मुंगूस असेल, माळावरचं कुत्रं असेल. पण घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले, तर एका फोटोच्या कोपऱ्यात बाभळीवर बसलेला कावळा आला होता. तो अंड्यांकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. पुढे पुस्तकांतून कळलं, की असल्या उन्हात टिटवी पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून आणते आणि त्या ओल्या पोटाने अंडी थंड ठेवते. माझ्या त्या वीस मिनिटांत ती पाण्यावर जाऊ शकली नव्हती, आणि अंड्यांवर बसूही शकली नव्हती. ही गोष्ट मी घरात सांगितली नाही. फोटो फार सुरेख आला होता, म्हणून तर अधिकच नाही.

तेव्हा ठरवलं, की फोटो काढायचे तर लांबून.

आमच्या कॉलेजातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक या बाबतीत माझे गुरू झाले. स्टाफरूममधल्या फळ्यावर आकृती काढून त्यांनी समजावलं, की पुढचा भिंगांचा गट किरण एकवटतो नि मागचा गट ते पुन्हा किंचित फाकवतो. त्यामुळे चारशे मिलिमीटरचं काम वीतभर नळीत होतं. ही युक्ती १८९१ सालची, आणि इंग्लंड-जर्मनीत ती एकाच वर्षी तिघांना स्वतंत्रपणे सुचली. झूम मात्र त्या मानाने पोरसवदा. साध्या फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी पहिलं झूम भिंग बाजारात आलं ते १९५९ साली, आणि त्याची धाव होती फक्त ३६ ते ८२ मिलिमीटर. "पन्नासचं भिंग साधारण आपल्या डोळ्यासारखं बघतं," गुरुजी म्हणाले. "चारशेचं आठपट जवळ आणेल. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे तुम्हांला ते सहाशेसारखं वाटेल. फुकट मिळतंय, घ्या."

सहाशेचं खरंखुरं, भरपूर प्रकाश घेणारं, न बदलणारं भिंग दहा लाखांच्या वर जातं. त्या पैशात आमच्याकडे ओटा काय, ओट्याभोवती घर झालं असतं. शिवाय त्याला सहाशे म्हणजे सहाशेच. आमच्या विदर्भातल्या जंगलांत जनावर कधी तीनशे फुटांवर असतं, तर कधी गाडीच्या चाकाशी येऊन उभं राहतं. अशा वेळी त्या लखपती भिंगात फक्त एक कान मावतो. भिंग बदलावं म्हटलं तर ताडोबाच्या मेमधली धूळ कॅमेऱ्याच्या पोटात जाते. म्हणून झूम. त्याची किंमत मोजावी लागते ती प्रकाशाची. माझं भिंग पूर्ण लांबवलं, की त्याची खिडकी एफ ६.३ इतकी बारीक होते. महागड्या एफ २.८ च्या मानाने प्रकाश पाचव्या हिश्शाने. आणि वाघ तर नेमका झुंजुमुंजु होताना नि दिवेलागणीलाच बाहेर पडणार!

एक शहाणपण मात्र मी केलं. आधी दीडशे ते सहाशेचं मोठं झूम दोन दिवस भाड्याने नेऊन पाहिलं. दोन किलो वजन. पहिल्या दिवशी संध्याकाळी मला जेवताना घास उचलवेना. घरी शंभर ते चारशेचं आलं ते त्यामुळे, सव्वा किलोचं. कुणी मला विचारलंच, तर मी म्हणेन, मिलिमीटर नंतर मोजा, आधी मनगट मोजा.

हात हलला, की चारशेवर सगळं जंगल हलतं. म्हणून चारशेला सेकंदाच्या निदान पाचशेव्या भागाची गती ठेवायची. भिंगात कंप जिरवणारं यंत्र असतं, पण ते कंप जिरवतं माझ्या हाताचा. हरणाने मान वळवली तर ते बिचारं काय करणार? जिप्सीच्या दांड्यावर टेकवायला लोक धान्याची पिशवी वापरतात. आमच्या हिने जुन्या परकराची एक पिशवी शिवून दिली आणि घरात होते म्हणून तीत मूग भरले. ताडोबात अवकाळी पाऊस आला, पिशवी भिजली, आणि तिसऱ्या दिवशी घरी आलो तो मुगांना मोड! उसळ छान झाली. त्यानंतर पिशवीत तांदूळ भरतो.

एका गोष्टीवर मात्र कोणत्याही किमतीचं भिंग चालत नाही: आमचं ऊन. सकाळी नऊनंतर जमिनीतून वाफा निघू लागतात, मधली हवा थरथरते, आणि लांबचं जनावर पाण्याखाली बुडाल्यासारखं दिसतं. यावर उपाय दोनच. जवळ जाणं, नाहीतर घरी जाणं.

यातला पहिला उपाय माणसाला काय करायला लावतो, ते साऱ्या नागपूरने वाचलेलं आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी एका वाघिणीची नि तिच्या बछड्यांची वाट अडवली, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची आपणहून दखल घेतली. बातमी वाचून इतरांसारखाच मीही संतापलो. मग बाभळीवरचा तो कावळा आठवला नि मी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं.

त्याच फेब्रुवारीत आम्ही त्याच जंगलात होतो. लांब, बांबूच्या कडेला वाघ बसलेला. "सर, गाडी थोडी पुढं घेऊ का जी?" चालकाने विचारलं. गाडीतल्या बाकी मंडळींकडे छोटे कॅमेरे. त्यांचे डोळे माझ्याकडे. मी म्हटलं, "नको. इथूनच." माझ्याकडे चारशे होतं, मला म्हणायला सोपं होतं. परतीच्या वाटेवर माझ्याशी फारसं कुणी बोललं नाही. माझ्या फोटोतसुद्धा वाघ अंगठ्याएवढाच आहे.

आणि या मेमध्ये मी पुन्हा अंबाझरीच्या मागे गेलो. सहाच्या आत. पाण्याच्या काठापासून तीसेक पावलांवर जमिनीवरच बसलो, पिशवीवर भिंग टेकवलं आणि थांबलो. अंतर किती ठेवावं, हे टिटवीच सांगते; तिने मान ताठ करून वरखाली हलवली, की समजावं आपण फार पुढे आलो. मी दोनदा मागे सरकलो. सात वाजून गेले तेव्हा ती आली, पाण्यात उतरली, आणि अंग हलवीत पोट भिजवू लागली. आठ-दहा फोटो काढले. मग ती उडाली, आणि भिंग तिच्यामागून फिरवण्याची भयंकर इच्छा मी दाबून धरली.

संध्याकाळी हिला फोटो दाखवला. फुटक्या ओट्याशी उभी राहून तिने तो बराच वेळ पाहिला.

"अहो, ही आंघोळ करते आहे?"

"नाही. अंड्यांसाठी पाणी नेते आहे, पोटावरून." आणि मग चार वर्षांपूर्वीचं सगळं मी तिला सांगून टाकलं. कावळ्यासकट.

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "या वेळची अंडी कुठे होती?"

"ते मी पाहिलं नाही."