बडोद्यातली लक्ष्मी

सुट्टीत कुठे जाऊन आलात, असे हल्ली आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये विचारले की कुणी सिंगापूर सांगतो, कुणी दुबई. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत बडोद्याला गेलो. कर्नाटकातून निघायचे, महाराष्ट्र ओलांडायचा आणि गुजरातेत उतरायचे, म्हणजे दोन सीमा पार झाल्याच की! बेळगावहून जोधपूरकडे जाणारी गाडी थेट बडोद्याला पोचवते. बरोबर सौ., दोन्ही मुले आणि गोकाकच्या सासूबाई. मुक्काम मामेभावाकडे.

सासूबाईंना नेण्यामागे एक कारण होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये घटप्रभेचे पाणी त्यांच्या घरात शिरले. भांडीकुंडी, धान्य गेले, त्याबद्दल त्या फारसे बोलत नाहीत. पण देवघरातली लक्ष्मीची जुनी तसबीर गेली, ती त्यांच्या मनातून जात नाही. रविवर्म्याच्या छापाची, त्यांच्या सासूने दिलेली. काचेवर वर्षानुवर्षांचे कुंकू. मूळ चित्र बडोद्याच्या राजवाड्याच्या संग्रहात आहे, असे मी सहज म्हणालो, तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "नोडबेकु." बघायलाच हवे.

पण पहिला दिवस मुलांचा. सयाजीबागेतले, म्हणजे जुन्या माणसांच्या कमाटीबागेतले, बडोदा म्युझियम १८९४ साली बांधून झाले. सयाजीराव महाराज परदेशात जे पाहत ते आपल्या प्रजेलाही बघायला मिळावे, या हट्टाचे माणूस. लंडनला जाणे ज्याला जन्मात शक्य नव्हते, त्याच्यासाठी त्यांनी लंडनच बागेत आणून ठेवले म्हणा ना. इथे इजिप्तची ममी आहे, अकोट्याला सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती आहेत, आणि निळ्या देवमाशाच्या पिल्लाचा अख्खा सांगाडा आहे. १९४४ साली हा मासा महीच्या मुखाशी वाहून आला होता. आमचे सहावीतले चिरंजीव त्याच्याखालून हलेनात. ममीपाशी मात्र अज्जीने त्यांचा हात घट्ट धरला. कोण कुणाला धीर देत होते, ते मी विचारले नाही.

शेजारच्या चित्रदालनाची हकीकत गमतीची आहे. इमारत १९१४ साली तयार झाली, पण दालन उघडले १९२१ मध्ये. मॅरियन स्पीलमन नावाच्या इंग्रज कलासमीक्षकाने युरोपातली चित्रे निवडली होती आणि मध्येच पहिले महायुद्ध पेटले. चित्रे वेळेवर पोचेनात. भिंती तयार, चित्रे नाहीत, अशी सात वर्षे गेली. दहावीतल्या मुलीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे तेव्हाही पार्सल लेट व्हायचं!"

याच बागेत संकल्पभूमी आहे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेत शिकायला गेले, आणि १९१७ मध्ये करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. ज्या पारशी विश्रामगृहात ते राहत होते तिथून जातीपायी त्यांना बाहेर काढले. शहरात दुसरी जागा कुणी दिली नाही, तेव्हा ते या बागेतल्या झाडाखाली येऊन बसले. जगभरच्या वस्तूंना ज्या गावात दालने मिळाली तिथे या विद्वानाला एक खोली मिळू नये! म्युझियम बघून मुलांना घाईने बाहेर काढणाऱ्यांनी इथे दहा मिनिटे तरी थांबावे, असे मला वाटते.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीविलास पॅलेस. त्याची मूळ आखणी मेजर मँटची. आपल्याकडच्या वाचकांना हे नाव नवे असेल, पण त्याचे काम नवे नाही. कोल्हापूरचा न्यू पॅलेस आणि टाऊन हॉल त्याचेच. बडोद्याचे काम अर्धे असताना १८८१ मध्ये तो वारला आणि चिझमने १८९० पर्यंत ते पुरे केले.

राजवाड्याच्या आवारातले महाराजा फतेसिंह म्युझियम १९६१ साली सुरू झाले. पूर्वी ही राजघराण्यातल्या मुलांची शाळा होती. आणि इथे रविवर्मा! १८८१ च्या सुमारास दिवाण टी. माधवरावांनी त्याला बडोद्याला आणले. पुढे महाराजांनी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चौदा चित्रे काढून घेतली. बडोद्याला येण्याआधी ती मुंबईत मांडली गेली, तेव्हा लोकांची रीघ लागली होती. या चित्रांचे छाप काढून घरोघरी जाऊ द्यावेत, हा सल्लाही मूळचा माधवरावांचाच. १८९४ मध्ये छापखाना निघाला आणि देव देवळातून निघून भिंतीवर आले. देवळात ज्यांना पाऊल टाकता येत नव्हते त्यांच्याही भिंतीवर आले, हे विसरू नये.

सीतेच्या भूमिप्रवेशापाशी सासूबाईंनी मुलांना ती कथा कन्नडमध्ये सांगितली. शेजारचे एक गुजराती कुटुंब थांबून ऐकत राहिले. त्यांना शब्द कळले नसणार, चित्र मात्र समोर होतेच. मग लक्ष्मी आली. कमळावर उभी, चार हात, बाजूला हत्ती. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. "इदु नम्म मनी लक्ष्मी अल्लेनु?" असे सौ.ने विचारले. त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळेना. मग म्हणाल्या, "मुख अदे. आदरे कुंकुम इल्ल." चेहरा तोच, पण कुंकू नाही. हात जोडले नाहीत त्यांनी. बाहेर येऊन चहा पिताना माझ्या मुलीला म्हणाल्या, की ती राजाची लक्ष्मी, आपली पाण्याबरोबर गेली. हे त्यांनी मराठीत सांगितले, मोडक्यातोडक्या, कारण मुलीला नीट कळायला हवे होते.

आपल्या भागातले बरेच जण म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये सहलीला जाऊन आलेले असतात. तिथेही रविवर्मा आहे. मात्र हातात दिवा घेतलेल्या ज्या बाईपुढे सगळे थबकतात ती त्याची नव्हे, आपल्या सावंतवाडीच्या हळदणकरांची. हे मी दरवर्षी वर्गात सांगतो आणि दरवर्षी कुणीतरी वाद घालतो.

कीर्तिमंदिरातली नंदलाल बोसांची भित्तिचित्रे, गंगावतरण आणि मीराबाई, आणि तांबेकर वाड्याच्या रंगवलेल्या भिंती धावतच पाहिल्या. तांबेकर बडोद्याचे मराठी दिवाण. मामेभावाच्या घरी आरती मराठीत, हिशेब आणि वर्तमानपत्र गुजरातीत. नातवंडे भाजीला शाक म्हणतात, आणि सुनेला त्यात वावगे वाटत नाही. वहिनीने मात्र हळूच सौ.ला विचारले, तुमच्याकडे मुलांशी कुठली भाषा बोलता? सौ. म्हणाली, "रागावताना कन्नड, जेवताना मराठी." दोघी हसल्या. मग वहिनी म्हणाल्या, आमच्याकडे रागावणेसुद्धा गुजरातीत गेले हो.

जाणाऱ्यांनी दोन पूर्ण दिवस ठेवावेत. राजवाडा सोमवारी बंद असतो, बाकी ठिकाणच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. वयस्कर माणसे बरोबर असतील तर राजवाडा सकाळीच करावा, चालणे फार आहे.